शनिवारची रांग

मंगळवार, ३ जून

आज डबा आला नाही. दफन झाल्यापासून रोज संध्याकाळी चर्चमधलं कुणी ना कुणी दारात उभं असायचं. हातात डबा, मान एका बाजूला कललेली, आवाज दबका. आज बराच वेळ वाट पाहिली आणि मग कळलं, संपलं. आम्ही आता सावरलो असं मंडळीने ठरवलं असावं. त्यांचं तरी काय चुकलं? त्यांनाही आपापली घरं आहेत.

मी अंडी उकडली. हे म्हणाले, "मीठ?" मी मीठ पुढे केलं. दिवसभरात आमचं एवढंच बोलणं झालं.

पाळकसाहेब म्हणाले होते, प्रार्थना करवत नसेल तर निदान लिहीत जा. म्हणून लिहायला घेतलंय. आमची मुलगी गेली, हे वाक्य लिहून पाहिलं. लिहिता येतं. वाचवत नाही.

एकोणीस वर्षांची होती. रक्ताचा आजार. हे तिला मास्तरीण म्हणायचे, कारण ती लहानपणापासून आमच्या दोघांच्या चुका काढायची. शेवटच्या दुपारी मी खाली औषधं आणायला गेले होते, हे तिच्यापाशी होते. वर आले तर म्हणाले, "झोपेतच गेली. काही कळलं नाही तिला." तेवढंच समाधान.

शनिवार, ७ जून

लोकांचे डबे घासूनपुसून परत करायला चर्चमागच्या हॉलमध्ये गेले. शनिवारी तिथे दुपारचं जेवण असतं हे विसरूनच गेले होते. येईल त्याला जेवण. एकटी राहणारी म्हातारी माणसं येतात, रस्त्यावर झोपणारी येतात, कामाच्या शोधात आलेले मजूर येतात. कुणाला तू कोण, कुठला, असं विचारायचं नाही असा तिथला नियम.

स्वयंपाक जिच्या हातात आहे ती बाई आयुष्यभर शाळेच्या कँटीनमध्ये होती. सगळे तिला हवालदारबाई म्हणतात, अगदी तोंडावरसुद्धा. मला वाटलं, आता ही जवळ घेणार, "कशी आहेस गं" म्हणणार आणि मी तिथेच कोसळणार. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "डबे तिकडे ठेव. बटाटे सोलता येतात ना? सालं जाड काढू नकोस, आधीच सांगते."

पोतंभर बटाटे सोलले. बोटं सुरकुतली, कंबर धरली. मग सुपाचा डाव हातात दिला आणि म्हणाली, "वाढ. प्रत्येकाला विचारायचं, अजून हवं का. खाली बघून वाढायचं नाही, तोंडाकडे बघायचं."

तेवढा वेळ मी कुणाचीच आई नव्हते. घरी आले तेव्हा हे खुर्चीत बसले होते, सकाळी बसले होते तसेच. दिवा लावायचंही सुचलं नव्हतं. पुरुषांचं असंच असतं, घरातल्या गोष्टी त्यांच्या लक्षात येत नाहीत.

रविवार, १५ जून

उपदेश पाय धुण्याच्या प्रसंगावर होता. प्रभू स्वतः कमरेला रुमाल बांधून शिष्यांसमोर वाकला, आणि एकाने पाय मागे घेतला. पाळकसाहेब म्हणाले, सेवा करणं अवघडच, पण करून घेणं त्याहून अवघड असतं. हा भाग मला नीटसा कळला नाही. सेवा करून घ्यायला काय लागतं?

शेवटी त्यांनी विचारलं, घरी खिळून असलेल्यांना भेटायला कोण जाईल, पडदे कोण शिवेल, दवाखान्यात कोण बसेल. मी प्रत्येक वेळी हात वर केला. मागच्या बाकावरची एक बाई हसली. हसू दे.

खरं सांगायचं तर मी देवाशी बोलत नाही. तिच्यासाठी जेवढं बोलायचं होतं तेवढं बोलून झालंय, आणि काय मिळालं ते सगळ्यांना माहीत आहे. पण त्याचं काम करायला माझी ना नाही. नोकराने मालकाशी गप्पा मारल्याच पाहिजेत असं कुठे आहे?

हे आले नाहीत. बरं वाटत नव्हतं म्हणाले. झोप नीट झाली नसेल.

गुरुवार, २६ जून

माझ्याकडे एक निवृत्त मुख्याध्यापिका आल्या आहेत. आल्या आहेत म्हणजे मीच त्यांच्याकडे जाते. लग्न केलं नाही, अंथरुणाला खिळून आहेत, जीभ मात्र शाबूत. आज त्यांना आंघोळ घातली. पाठीवर पाणी ओतलं की डोळे मिटून घेतात आणि लहान मुलीसारख्या हुंकारतात. केस धुताना त्यांनी विचारलं, "घरी कोण असतं तुझ्या?"

"मिस्टर आहेत."

"त्यांचं कोण करतं?"

"त्यांना काय झालंय? हिंडते-फिरते आहेत. चष्म्यांचं दुकान आहे त्यांचं."

"मी त्यांच्या पायांबद्दल विचारलं नव्हतं," म्हणाल्या आणि मग साबण डोळ्यांत गेला म्हणून मलाच झापलं. वयानुसार बोलण्याचा धागा तुटतो. पण मन रमतं तिथे.

मंगळवार, ८ जुलै

आज ह्यांच्या तीन पँटी कमरेत आत घेतल्या. मागच्या महिन्यातच घेतल्या होत्या, तरी परत पट्ट्याला नवं भोक पाडून घालत होते. आयुष्यभर मी पोट कमी करा म्हणून मागे लागले होते, आता आपोआप झालं. माझ्यासारख्या शिवणकाम करणाऱ्या बाईने एवढं तरी चांगलं मानावं.

मशिनवर बसले असताना हे दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, "तुला आठवतं, मास्तरणीने एकदा शाळेच्या नाटकात..."

मी म्हटलं, "आत्ता नको हो. उद्या सकाळी हॉलचे पडदे द्यायचेत."

"बरं," म्हणाले. थोडा वेळ उभे राहिले, मग तिच्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. खोली आवरायला घेतली असेल. बरं झालं, मला ते जमलं नसतं.

रडत बसून कुणाचं भलं होतं? मी हेच म्हणते. दुसऱ्याचं करावं, त्यात आपलं विसरतं. मी ह्यांनाही म्हटलं होतं, या माझ्याबरोबर. नुसती मान हलवली.

शनिवार, १९ जुलै

रांगेत नेहमी येणारे एक आजोबा आहेत. रंगारी होते, अजून नखांत रंग आहे. सूप घेताना म्हणाले, "बाई, तुमच्या साहेबांना सांगा, माझा चष्मा दुरुस्तीला दिलाय. चार-पाच खेपा झाल्या, दुकानाला कुलूप."

मला चमत्कारिक वाटलं. हे तर रोज सकाळी किल्ल्या घेऊन बाहेर पडतात. संध्याकाळी विचारलं. म्हणाले, "हो, मध्ये बंद ठेवलं होतं एकदोनदा. बसतो बागेत."

"लोकांचे चष्मे अडकलेत अहो."

"देतो."

वाटलं अजून काही म्हणतील. म्हणाले नाहीत. फ्रिजमध्ये सकाळचा भात तसाच होता. बाहेर काही खाल्लं असेल.

रविवार, २७ जुलै

आज पाळकसाहेबांनी उपासनेत माझा उल्लेख केला. आपल्या दुःखाचं ज्या भगिनीने सेवेत रूपांतर केलं वगैरे. नाव घेतलं नाही, पण सगळ्यांनी वळून पाहिलं. मला अभिमान वाटला आणि लगेच त्याची लाजही वाटली. काय रूपांतर केलं मी? मला घरात बसवत नाही. तिची चप्पल दारात आहे, ती ओलांडून आत जावं लागतं. हॉलमध्ये ती चप्पल नाही, एवढंच. हे देवाला माहीत असेल तर तो ही सेवा चालवून घेतो की नाही, कोण जाणे.

पण मग वाटतं, रंगारीआजोबांच्या पोटात सूप गेलं ते गेलंच ना. माझं मन कसं का असेना.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे तिच्या पलंगावर बसले होते, उशी मांडीवर घेऊन. खोली काही आवरलेली दिसली नाही. सगळं ऐकून घेतलं, म्हणाले, "छान. तू फार करतेस सगळ्यांचं." मग म्हणाले, "या शनिवारी थांबशील का घरी? सहज."

"शनिवारी कसं जमेल? शनिवारीच तर जेवण असतं."

"हो. खरंच की," म्हणाले. हसल्यासारखं केलं.

शनिवार, ९ ऑगस्ट

लिहायचं आहे. नीट लिहायचं आहे.

आज रांग दारापर्यंत होती. दोन दिवस पाऊस, मजुरांना काम नाही. मी डाव घेऊन उभी होते. हवालदारबाईने शिकवलं तसं तोंडाकडे बघून वाढायचं, पण गर्दीत ते कुठलं व्हायला? ताट पुढे यायचं, मी ओतायची, "अजून हवं का?" विचारायची, पुढचं ताट.

एक ताट पुढे आलं. धरणाऱ्या हाताचा अंगठा ओळखीचा वाटला. काचा घासून घासून एका बाजूने चपटा झालेला. मी वर पाहिलं.

हे होते.

दाढी वाढलेली. मी कमरेत आत घेतलेली पँट तरीही ढगळ. रोज बघते मी ह्यांना, रोज. त्या रांगेत, दोन अनोळखी माणसांच्या मधे उभे होते आणि मला क्षणभर वाटलं, हे कोण बिचारे? खरंच तसं वाटलं. रांगेतल्या सगळ्यांत मला तेच जास्त उपाशी दिसले.

पहिल्यांदा मला राग आला. लोक बघतील म्हणून. दातांवर दात आवळून म्हटलं, "तुम्ही इथे काय करताय? घरी भात करून ठेवलाय."

"हो, आहे."

"मग?"

हे खाली बघत होते. म्हणाले, "मागच्या शनिवारी खिडकीतून बघत होतो. तू प्रत्येकाला विचारत होतीस, अजून हवं का. म्हटलं, रांगेत उभं राहावं."

टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर मी परतवला असता, एवढ्या वर्षांची सवय आहे. ते फक्त सांगत होते. मागचा मजूर थांबला होता. मी ह्यांच्या ताटात सूप ओतलं, निम्मं बाहेर सांडलं. ह्यांनी पाव घेतला आणि शेवटच्या टेबलाशी, भिंतीकडे तोंड करून जाऊन बसले.

मी वाढत राहिले. काय वाढत होते कळत नव्हतं. मग माझ्या हातातला डाव कुणीतरी धरला. हवालदारबाई.

"सोड."

"रांग संपायची आहे अजून."

"रांग मी बघते. सोड म्हणते ना." आणि मग एवढ्या हळू आवाजात, की हा आवाज तिच्याकडे असेल असं मला कधी वाटलं नव्हतं, "माझंच चुकलं गं. तू आलीस तेव्हाच विचारायला हवं होतं, घरी कोण आहे म्हणून. मला हात हवे होते, मी हात घेतले."

मी ॲप्रन काढला. ह्यांच्या समोर जाऊन बसले. हवालदारबाईने स्वतः माझ्यासाठी ताट आणून ठेवलं. मी म्हटलं, मला नको, मी नंतर घेईन. तिने ऐकलं नाही. ताट ठेवलं, चमचा हातात दिला आणि म्हणाली, "अजून हवं का, ते नंतर विचारते. आधी एवढं संपव." मी रडायला लागले. दफनालाही रडले नव्हते. समोर ताट ठेवलं गेलं म्हणून रडले.

मग हे बोलायला लागले. सुपाकडे बघत. शेजारी दोन मजूर जेवत होते, त्यांनी माना खाली घातल्या आणि हळूहळू जेवत राहिले, उठले नाहीत.

"ती झोपेत नाही गेली," म्हणाले.

मी चमचा खाली ठेवला.

"तू खाली गेलीस आणि ती जागी झाली. चांगली जागी. मी तिच्या तोंडाजवळ वाकलो. माझे डोळे वाहत होते, चष्म्यावर सगळं धुकं. तर म्हणते, 'बाबा, आधी चष्मा पूस. तुला मी धुरकट दिसत असणार.' मास्तरीणच ती. मी म्हटलं, हो गं बाई. चष्मा काढला. शर्टाच्या टोकाने पुसायला लागलो. नेहमी मी गिऱ्हाइकांना सांगतो, शर्टाने पुसू नका, काचेवर चरे पडतात. पुसला. परत डोळ्यांवर घातला."

एवढं सांगून त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तेवढ्यात?" मी विचारलं.

मान हलवली. "तेवढ्यातच. मी काच पुसत होतो गं."

मग म्हणाले, "दुकान उघडतो रोज सकाळी. काच हातात घेतो आणि कुलूप लावून बाहेर येतो. तुला सांगायचं होतं. पण तू बसतच नव्हतीस."

मी टेबलावरून हात पुढे केला. तो चपटा अंगठा धरून बसले. हॉल रिकामा झाला, टेबलं पुसून झाली, आमचं टेबल कुणी पुसायला आलं नाही. निघताना मी ह्यांना विचारलं, "पोट भरलं का?" म्हणाले, "अजून थोडं दे." उरलेलं गार सूप मी वाढलं आणि हे प्यायले.

रविवार, १० ऑगस्ट

आज उपासनेला गेलो नाही. मी मागचं सगळं लिहिलेलं वाचलं. पँटी, भात, बाग, "शनिवारी थांबशील का". माझ्याच हातचं. शाळकरी पोरालाही कळलं असतं.

दुपारी पाळकसाहेब आले. मी म्हटलं, "तुम्ही माझं कौतुक केलंत तेव्हा माझा नवरा घरी उपाशी होता."

त्यांनी स्पष्टीकरण दिलं नाही. म्हणाले, "मलाही तुमचे हात दिसले फक्त. माफ करा." मग ह्यांच्याशेजारी जाऊन बसले. जाताना मी विचारलं, "मग मी केलं ते सगळं खोटंच होतं का? मुख्याध्यापिकाबाई, सूप, सगळं?"

"नाही," म्हणाले. "खोटं नव्हतं. एक ताट राहून गेलं होतं."

शुक्रवार, २९ ऑगस्ट

डॉक्टर म्हणाले, फार अशक्त झालेत, अजून काही दिवस गेले असते तर अवघड होतं. औषधं दिली आहेत. दिवसातून थोडं थोडं खायला घालते. कधी खातात, कधी नुसता घास धरून बसतात. लगेच काही सुधारणार नाही. दुकान बंदच आहे. लोकांचे चष्मे रंगारीआजोबांनी घरोघर पोचवले, स्वतःचा शेवटी घेतला.

आज ह्यांची नखं कापली. मग पाय धुतले, कोमट पाण्याने. पाय मागे घेत होते, "अगं मी करतो" म्हणत होते. मी म्हटलं, राहू द्या. पायांवरून किती दिवस हात फिरला नव्हता. त्यांनी तिचं ते नाटक सांगितलं. राजाची भूमिका होती आणि राजाने मधेच थांबून प्रधानाचं वाक्य दुरुस्त केलं. मला ते माहीत होतं, मी पहिल्या रांगेत बसले होते. तरी पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकलं. दोघं हसलो आणि मग दोघांनाही ते हसणं आवरता आवरता रडू फुटलं. पाणी पार गार होईपर्यंत बसून होतो.

ती नाही. हे काहीही केलं तरी तसंच राहणार आहे.

गुरुवार, २५ सप्टेंबर

आमच्या भागातल्या पोस्टमनची बायको गेली. अचानक. मुलं नाहीत. हवालदारबाईने निरोप पाठवला, "जमेल तरच जा. दोघं जा." मी ह्यांना विचारलं. वाटलं, नाही म्हणतील. म्हणाले, "शर्ट कुठलाय इस्त्रीचा?"

पोस्टमनचं घर एका खोलीचं आणि स्वयंपाकाच्या ओट्याचं. तो पलंगाच्या कडेला बसला होता, गणवेशातच. ओट्यावर खरकट्या भांड्यांचा ढीग. मी सवयीने आधी ओट्याकडे वळले, नळ सोडला, बाह्या वर केल्या. कुणी मागे लागल्यासारखी भराभर कप घासायला लागले.

मागे ह्यांचा आवाज आला. खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसले होते. म्हणाले, "कशा होत्या त्या? सांगता का?"

पोस्टमन काही बोलला नाही. ह्यांनी पुन्हा विचारलं नाही, उठलेही नाहीत.

मी नळ बंद केला. हात पदराला पुसले आणि जमिनीवर येऊन बसले. भांडी तशीच राहिली.

खूप वेळाने तो म्हणाला, "बडबडी होती हो. मी दिवसभर लोकांच्या दारात, घरी आलो की ही सुरू. मला वाटायचं, जरा गप्प बसेल तर बरं." आणि तोंडावर टोपी धरून रडला. मग बोलतच राहिला. ती चहात साखर विसरायची, ती भाजीवाल्याशी तासभर भांडायची आणि भाव तोच द्यायची. संध्याकाळ होत आली. आम्ही ऐकत होतो.

मग त्याने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "ताई, तुमची मुलगी कशी होती?"

इतक्या महिन्यांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी विचारू दिलं नव्हतं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"हट्टी," मी म्हटलं. "फार हट्टी होती." आणि मग मी सांगायला लागले.